मेसोथेलिओमा : तीस वर्षांपूर्वीच्या धुळीचा आजार

गोव्याहून बसने हुबळीला जाणारा प्रवासी बहुधा गोकुळ रोडवरच्या नव्या बसस्थानकावर उतरतो. याच रस्त्यावर वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाचे मध्यवर्ती कार्यालय आहे, पुढे औद्योगिक वसाहत लागते आणि त्याहून पुढे विमानतळ. शेड, गोदामे, गॅरेजे, लेथ आणि वेल्डिंगची दुकाने यांनी गजबजलेला हा परिसर वेर्ण्याच्या वा कुंडईच्या वसाहतीची ओळख असलेल्या गोमंतकीयाला परका वाटत नाही. देशातील अशा बहुतेक सर्व औद्योगिक रस्त्यांवर ॲस्बेस्टॉस हा पदार्थ गेली कित्येक दशके नाव न सांगता वावरत आला आहे. छपरावरील सिमेंटच्या पत्र्यात तो आहे. जुन्या ट्रकच्या ब्रेक लायनरमध्ये, क्लचप्लेटमध्ये, बाष्पकाच्या आवरणात, वाफेच्या नळाच्या गॅस्केटमध्ये आणि भट्टीपुढे काम करणाऱ्याच्या हातमोज्यात तो होता, आणि काही ठिकाणी आजही आहे.

अशा ठिकाणी विशीत कामाला लागलेला माणूस पासष्टीत धाप लागते म्हणून दवाखान्यात जातो, तेव्हा या पदार्थाचा उल्लेख सहसा कोणीच करीत नाही. रुग्णाला तो ठाऊक नसतो. डॉक्टर विचारीत नाहीत आणि केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘निवृत्त’ एवढाच शब्द पडतो. मेसोथेलिओमा या कर्करोगाविषयी जे जे सांगण्यासारखे आहे, त्यात हा रिकामा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे.

आवरणाचा कर्करोग

मेसोथेलिओमा हा फुप्फुसाचा कर्करोग नव्हे, जरी तो छातीतच होत असला तरी. फुप्फुसाभोवती दोन पदरांचे एक पातळ आवरण असते, त्याला फुप्फुसावरण म्हणतात. एक पदर फुप्फुसाला चिकटलेला, दुसरा बरगड्यांच्या आतल्या बाजूस, आणि मध्ये श्वासाची हालचाल सुलभ व्हावी इतकाच ओलावा. या आवरणाच्या अस्तरपेशींत निर्माण होणारा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. बहुतांश रुग्णांत तो फुप्फुसावरणात होतो, काहींत उदरावरणात, आणि क्वचित हृदयाच्या किंवा वृषणाच्या आवरणात. तो गाठीच्या रूपाने एका जागी वाढत नाही. पत्र्यावर शेवाळ पसरावे तसा तो आवरणावर पसरत जातो आणि अखेरीस फुप्फुसाला चहूबाजूंनी कवच घालतो. शस्त्रक्रियेने तो समूळ काढणे अवघड का, याचे उत्तर या पसरण्यातच आहे.

ॲस्बेस्टॉस म्हणजे कोणी एक खनिज नव्हे. तंतूंच्या रूपात सापडणाऱ्या सहा खनिजांचे ते व्यापारी नाव आहे. त्यांत पांढरा क्रायसोटाइल, तपकिरी अमोसाइट आणि निळा क्रोसिडोलाइट हे तीन प्रकार उद्योगात सर्वाधिक वापरले गेले. न जळणारे, न कुजणारे, कापसासारखे पिंजता व विणता येणारे आणि स्वस्त असे दुसरे खनिज नाही. याच गुणांमुळे ते शरीरातही टिकून राहते. श्वासावाटे आत गेलेला तंतू केसाहून कितीतरी बारीक असतो, पण लांबीने इतका असतो की त्याला गिळून नष्ट करू पाहणाऱ्या संरक्षक पेशीलाच तो पुरा पडत नाही. पेशी मरते, तिच्यातील दाहक द्रव्ये सांडतात, नवी पेशी येते, तीही मरते. हा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो आणि त्यात अस्तरपेशींच्या जनुकांची मोडतोड होत जाते. पेशींच्या वाढीला लगाम घालणारी काही जनुके निकामी झाली की कर्करोगाची वाट मोकळी होते. निळा व तपकिरी प्रकार या आजारासाठी अधिक घातक आहेत यावर एकमत आहे. तथापि क्रायसोटाइलसह सर्वच प्रकार माणसात कर्करोग निर्माण करतात, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिला आहे.

धूळ छातीत जाणे आणि आजार दिसणे यांत साधारणतः ३० ते ४० वर्षे जातात. २० वर्षांच्या आत तो क्वचितच दिसतो आणि ५० वर्षांनंतरही उद्भवू शकतो. धूम्रपानाचा मेसोथेलिओमाशी संबंध नाही. ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण विडी ओढणाऱ्या कामगाराच्या छातीतील प्रत्येक व्याधीचा दोष विडीवर टाकण्याची सवय घरच्यांना, डॉक्टरांना आणि मालकांनाही असते. ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाची बाब निराळी. तेथे धूर आणि धूळ एकमेकांचा धोका वाढवतात.

किंबर्लीचे क्षयरोग्यालय

या आजाराचा आणि ॲस्बेस्टॉसचा संबंध प्रथम ठामपणे सिद्ध झाला तो दक्षिण आफ्रिकेत. हिऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या किंबर्ली शहरात डॉ. स्लेग्ज एका क्षयरोग रुग्णालयाचे प्रमुख होते. छातीत पाणी झालेले रुग्ण त्यांच्याकडे येत, क्षयाची औषधे चालू होत, आणि बहुतेक बरे होत. काही मात्र होत नसत. न बरे होणाऱ्यांत एक साम्य होते : ते शहराच्या पश्चिमेकडील, निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी असलेल्या टेकड्यांच्या मुलखातून आलेले असत. रोगनिदानतज्ज्ञ ख्रिस्तोफर वॅग्नर आणि शल्यविशारद पॉल मर्चंड यांच्यासह त्यांनी असे ३३ रुग्ण नोंदवले आणि १९६० मध्ये त्यावरील निबंध ब्रिटनमधील औद्योगिक वैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकाचा अपवाद वगळता सर्वांचा निळ्या ॲस्बेस्टॉसशी संबंध आला असण्याची शक्यता आढळली. त्यांत खाणकामगार होते, तसेच कधीही खाणीत न उतरलेले, पण लहानपणी त्या परिसरात वाढलेले लोकही होते.

पाच वर्षांनी लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी एका रुग्णालयातील मेसोथेलिओमाच्या ७६ रुग्णांचा पूर्वेतिहास खणून काढला. निम्म्याहून अधिकांचा ॲस्बेस्टॉसशी कामावर किंवा घरात संबंध आला होता. नऊ जणांनी तर कारखान्याचे दारही पाहिले नव्हते. घरातील कोणीतरी तेथे कामाला होते, एवढाच त्यांचा संबंध, आणि या नऊ जणांत सात स्त्रिया होत्या. नवऱ्याचे, बापाचे, भावाचे कामाचे कपडे झटकून धुणे हे त्यांचे काम. उरलेल्या रुग्णांपैकी ११ जण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेले होते. म्हणजे ‘व्यवसायजन्य’ म्हणवला जाणारा हा आजार १९६५ मध्येच कारखान्याच्या फाटकाबाहेर पडलेला होता.

स्लेग्ज यांच्या रुग्णालयातील ती चूक आपल्याकडे आजही रोज घडण्याजोगी आहे. भारतात छातीत एका बाजूस पाणी झाले की पहिला संशय क्षयावर जातो, आणि तो रास्तच आहे, कारण क्षय येथे फार मोठ्या प्रमाणावर आहे. सुईने पाणी काढतात. ते गव्हाळ पिवळे असते, त्यात लसिकापेशी अधिक दिसतात, एडीए नावाच्या विकराचे प्रमाण वाढलेले असते, आणि सहा महिन्यांची क्षयाची औषधे सुरू होतात. अडचण अशी की मेसोथेलिओमातील पाणीही काही वेळा असेच दिसते आणि त्यात एडीएही वाढलेले सापडू शकते. पाण्याच्या नुसत्या तपासणीत कर्करोगाच्या पेशी पुष्कळदा हाती लागत नाहीत. पहिल्यांदा पाणी काढल्यावर रुग्णाला हलके वाटते, औषधांचा गुण आला असे सर्वांना वाटते. महिना-दीड महिन्यात पाणी पुन्हा भरते. तोपर्यंत आवरण जाड झालेले असते.

म्हणून काही खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. क्षयाची औषधे नियमाने घेऊनही पाणी कमी न होणे किंवा वारंवार होणे, त्या बाजूच्या छातीत वा खांद्यात सतत बोथट दुखणे, ताप फारसा नसताना वजन उतरत जाणे, क्ष-किरण चित्रात आवरण गाठीगाठींनी जाडसर दिसणे, सुई टोचलेल्या जागी गाठ येणे. अशा वेळी सीटी स्कॅन आणि त्यानंतर दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा काढून तपासणे, हाच निदानाचा खात्रीचा मार्ग आहे. त्या तुकड्यावर विशिष्ट रंजक-चाचण्या कराव्या लागतात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली मेसोथेलिओमा आणि फुप्फुसातून पसरलेला कर्करोग एकमेकांसारखे दिसू शकतात. गोमंतकीयांना यासाठी बांबोळीचे गोमेकॉ जवळचे. सीमाभागातील व उत्तर कर्नाटकातील रुग्ण हुबळीला विद्यानगरच्या किम्समध्ये किंवा नवनगरच्या कर्करोग रुग्णालयात जातात, आणि गुंतागुंतीच्या प्रकरणांत मुंबईचे टाटा रुग्णालय गाठले जाते.

पण कोणत्याही यंत्राआधी एक प्रश्न विचारावा लागतो : तीस-चाळीस वर्षांपूर्वी काय काम करीत होता? ‘आता काय करता’ या प्रश्नाचे उत्तर येथे निरुपयोगी आहे.

कोणाला विचारायचे

वास्को ते कॅसलरॉक हा गोव्याचा जुना लोहमार्ग आज दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात मोडतो. हुबळीचा रेल्वे कारखाना सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारला आणि या संपूर्ण टापूतील घराघरांतून माणसे तेथे कामाला गेली. वाफेच्या इंजिनाच्या काळात बाष्पकावर ॲस्बेस्टॉसचे वेष्टन चढवणे ही जगभरची रीत होती. दुरुस्तीच्या वेळी ते फोडून काढावे लागे आणि नवे थापावे लागे. इंग्लंडमधील स्विंडन हे असेच रेल्वे कारखान्याचे गाव. तेथे इंजिनांवर वेष्टने होती आणि नंतरच्या काळात डब्यांच्या आतून निळ्या ॲस्बेस्टॉसचा फवारा मारला जाई. मेसोथेलिओमाने तेथील इतके कामगार गेले की या आजाराला ‘स्विंडनचा रोग’ असे नाव पडले. भारतीय रेल्वेच्या जुन्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या बॉयलरमेकर, फिटर, डबेदुरुस्ती विभागातील कामगार यांच्या बाबतीत हा प्रश्न म्हणूनच आवर्जून विचारावयाचा.

जहाजांचेही तसेच. जुन्या जहाजाचे इंजिनघर म्हणजे ॲस्बेस्टॉसचे कोठार. आंतरराष्ट्रीय नियमांनी जहाजावर नव्याने ॲस्बेस्टॉस बसवण्यास २००२ पासून बहुतांशी आणि २०११ पासून पूर्णतः मनाई केली, परंतु त्याआधी बांधलेली जहाजे दुरुस्तीला आणि मोडीत येतच राहिली. फ्रान्सची ‘क्लेमान्सो’ ही विमानवाहू नौका अलंगला मोडीसाठी निघाली, तेव्हा तिच्यातील ॲस्बेस्टॉसवरून रान उठले आणि २००६ मध्ये फ्रेंच सरकारला ती अर्ध्या वाटेवरून परत बोलवावी लागली. त्याआधी आणि त्यानंतर किती जहाजे गाजावाजा न होता किनाऱ्याला लागली, त्यांच्या पोटात शिरलेल्या मजुरांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर शोधून सापडायचे नाही. दर्यावर्दी गोमंतकीयांच्या कित्येक घरांत इंजिनघरात उमेदीची वर्षे घालवलेला कोणीतरी असतोच. त्याच्याही बाबतीत हाच प्रश्न.

गॅरेजची गोष्ट थोडी नाजूक आहे. ब्रेक ड्रम उघडला की आतील काळी भुकटी हवा मारून उडवून देणे ही प्रत्येक मेकॅनिकची सवय. त्या भुकटीत जुन्या लायनरचे ॲस्बेस्टॉस असू शकते, मात्र घर्षणाच्या उष्णतेने त्यातील बरेचसे तंतू बदलून गेलेले असतात. नुसत्या गॅरेज कामगारांत मेसोथेलिओमाचा धोका किती वाढतो यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. लायनर बनवणारा, कापणारा, घासून भोके पाडणारा कामगार मात्र कच्च्या तंतूंची धूळ ओढीत असतो, आणि त्याविषयी वाद नाही.

भारतात या कामाचा इतिहास मुंबईच्या घाटकोपरशी बांधलेला आहे. टर्नर अँड न्यूऑल ही इंग्लंडमधील ॲस्बेस्टॉस उद्योगातील बलाढ्य कंपनी. फेरोडो हे ब्रेक लायनिंगचे प्रसिद्ध नाव १९२६ मध्ये तिच्या पंखाखाली आले आणि पुढे हिंदुस्थान फेरोडो या उपकंपनीने घाटकोपरला कारखाना चालवला. याच समूहाच्या रॉचडेल येथील कारखान्यात नेली केर्शॉ नावाची कामगार स्त्री ॲस्बेस्टॉसचे सूत कातीत असे. १९२४ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी तिचा मृत्यू झाला. तिच्या फुप्फुसांत ॲस्बेस्टॉसचे कण सापडले आणि डॉ. कुक यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. तिचा आजार मेसोथेलिओमा नव्हता. तो फुप्फुस ताठर करणारा ॲस्बेस्टॉसिस होता. कंपनीने जबाबदारी नाकारली आणि अंत्यविधीच्या खर्चालाही हातभार लावला नाही, कारण तसे केल्यास पायंडा पडला असता. ब्रिटनमध्ये या धुळीवर पहिले नियम १९३१ मध्ये आले. घाटकोपरचा कारखाना त्यानंतर पाव शतकाने उभा राहिला. म्हणजे धोका ठाऊक नव्हता असे म्हणण्याची सोय तेथे कोणालाच नव्हती.

मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातील कामगारांची पाहणी डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केली. तपासलेल्या कामगारांपैकी किमान पाचव्या हिश्शाला ॲस्बेस्टॉसिस असल्याचे त्यांना आढळले. देशात या धुळीशी संबंध आलेल्या कामगारांची संख्या सुमारे एक लाख धरली, तर भरपाई मिळालेल्यांची संख्या तिसाहून कमी आहे, असेही त्यांनी नमूद केले. टर्नर अँड न्यूऑल १९९८ मध्ये फेडरल-मोगल या अमेरिकी समूहाकडे गेली आणि भरपाईच्या दाव्यांच्या भाराखाली २००१ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. ज्या देशात दावे लागले त्या देशात कंपनी बुडाली. ज्या देशात दावे लागले नाहीत तेथे उत्पादन चालू होते.

ब्रिटनमध्ये आजही मेसोथेलिओमाने दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात, आणि ती १९६० ते १९८० या काळातील धुळीची फळे आहेत. भारतात ॲस्बेस्टॉसचा वापर वाढला तो नेमका त्यानंतर. खाणकामाला येथे प्रतिबंध आहे, परंतु रशिया, कझाकस्तान, ब्राझील येथून दरवर्षी लाखो टन क्रायसोटाइल आयात होते आणि त्यातील बहुतेक सिमेंटच्या पत्र्यांत जाते. युरोपीय संघाने २००५ पासून, जपान व कोरियाने त्यानंतर, आणि अमेरिकेने २०२४ मध्ये क्रायसोटाइलवर बंदी घातली. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आपल्या देशात वापर बंद केला, निर्यात मात्र चालू राहिली. भारतातील रुग्णसंख्या कमी दिसते ती येथील छात्या वेगळ्या आहेत म्हणून नव्हे. अनेक रुग्ण क्षयाच्या नोंदवहीत, अनेक ‘फुप्फुसाचा कर्करोग’ या सदरात आणि अनेक कोणत्याच वहीत नसतात, असे मानण्यास भरपूर जागा आहे.

उपचार

निदानानंतरचे आयुष्य बहुधा एक ते दीड वर्षाचे असते. अर्थात पेशींचा प्रकार, वय आणि निदानाची वेळ यांनुसार त्यात बराच फरक पडतो. अस्तरपेशींसारख्या दिसणाऱ्या प्रकारात आयुर्मान अधिक, मांसतंतूंसारख्या प्रकारात कमी. सिस्प्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड ही दोन औषधे मिळून देण्याची पद्धत २००३ च्या एका मोठ्या चाचणीनंतर रूढ झाली. तीत एकट्या सिस्प्लॅटिनच्या तुलनेत मध्यम आयुर्मान ९.३ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर गेले. रोगप्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब या जोडीने २०२० मध्ये ते १४.१ वरून १८.१ महिन्यांवर नेले. ही औषधे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहेत. मोठ्या शस्त्रक्रियेबाबतचा उत्साह मात्र ओसरत चालला आहे : आवरण सोलून काढण्याच्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढत नाही, असा निष्कर्ष ब्रिटनमधील अलीकडच्या एका चाचणीतून निघाला. पाणी पुन्हा भरू नये म्हणून आवरणाचे पदर चिकटवणे किंवा छातीत बारीक नळी बसवून घरीच पाणी काढता येईल अशी व्यवस्था करणे, यांनी रुग्णाचा श्वास बराच सुसह्य होतो. वेदनाशमनाची सोय पहिल्या दिवसापासून हवी.

छप्पर

घरावर किंवा गोठ्यावर सिमेंटचा पत्रा आहे म्हणून भयभीत होण्याचे कारण नाही. त्यातील तंतू, वजनाच्या साधारण दशांशाइतके, सिमेंटमध्ये बांधलेले असतात, आणि अखंड, न हाललेला पत्रा फारशी धूळ सोडत नाही. धोका आहे तो कापण्यात, भोके पाडण्यात, फोडण्यात. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी छपरावर चढून तारेच्या घासणीने सुके शेवाळ खरवडण्याची पद्धत आहे. ती सोडून द्यावी. पत्रा बदलायचाच झाला तर आधी पाण्याने भिजवावा, हुक कापून अखंड उतरवावा, खाली टाकू नये आणि विजेच्या करवतीने तर मुळीच कापू नये. तुकडे झालेच तर सुका झाडू मारू नये. ओल्या फडक्याने टिपून जाड प्लास्टिकमध्ये बांधावेत. तोंडाला रुमाल गुंडाळल्याने हे तंतू अडत नाहीत, त्यासाठी योग्य दर्जाचा गाळणी-मुखवटा लागतो. मे २०२१ मधील तौक्ते वादळात गोव्यात ठिकठिकाणी छपरे उडाली. असे फुटलेले पत्रे रस्त्याचे खड्डे भरायला किंवा अंगणात चर बुजवायला वापरले जातात, आणि वाहनांच्या चाकांखाली त्यांचे पीठ होते.

कागद

ॲस्बेस्टॉसमुळे झालेला मेसोथेलिओमा हा भारतीय कायद्याने मान्य केलेला व्यवसायजन्य आजार आहे. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत तो समाविष्ट आहे, राज्य कामगार विमा कायद्याच्या तशाच अनुसूचीतही आहे, आणि हे दोन्ही कायदे आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतले आहेत. ठराविक काळ तसे काम केले असेल, तर आजार कामामुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो. विमाधारक कामगाराने मडगावच्या ईएसआय रुग्णालयामार्फत आणि इतरांनी कामगार आयुक्तांकडे दाद मागायची असते. कारखान्यांतील धुळीविषयीच्या तक्रारी पणजीतील आल्तिनो येथील कारखाने व बाष्पके निरीक्षणालयाच्या कक्षेत येतात.

कायदा असूनही दावे उभे राहत नाहीत, याचे कारण पुरावा. तीस वर्षांपूर्वीचा कारखाना बंद पडलेला असतो, ठेकेदार निघून गेलेला असतो, मालकी दोनदा बदललेली असते. सर्वोच्च न्यायालयाने ही अडचण ओळखली होती. ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २७ जानेवारी १९९५ रोजी न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला आणि ॲस्बेस्टॉस उद्योगाला आदेश दिला : प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपून ठेवावी. आजार सिद्ध झालेल्या कामगारांना एक लाख रुपये भरपाई देण्याचेही त्या निकालात होते. २०११ मध्ये संपूर्ण बंदीची मागणी न्यायालयाने फेटाळली, पण १९९५ चे आदेश कायम असल्याचे पुन्हा बजावले.

आदेश कारखान्यांना आहे. ठेकेदाराकडे रोजावर राबलेल्या, गॅरेजमध्ये पोरवयात लागलेल्या, जहाजे फोडणाऱ्या माणसाची आरोग्यनोंद कोणी केलेलीच नसते. त्याच्याजवळ असते ते म्हणजे एखादे विमा कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची पावती, फाटकाचा जुना पास, पगाराची चिठ्ठी, दर्यावर्दीचे नोंदणी पुस्तक, नाहीतर शेजारी उभे राहून काम केलेला एखादा सोबती. दाव्याच्या वेळी एवढ्यावरच सारे अवलंबून असते, आणि निवृत्तीनंतर घर आवरताना रद्दीत प्रथम हेच कागद जातात. धाप लागून दवाखान्यात निघालेल्या वडिलांसोबत जाणाऱ्या मुलाने ते पिशवीत घालावेत, कोठे, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत आणि कोणत्या वस्तूवर काम केले ते वडिलांकडून एका कागदावर लिहून घ्यावे, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी तो कागद केसपेपरला जोडून द्यावा.